भाऊजी, छत्री मीच फिरवत होते

भाऊजी,

सोमवारी येतो म्हणाला होतात. मी तुरीचे सोले काढून ठेवले होते, गाडीवरून लहान वांगी घेतली होती आणि टीव्हीच्या बॉक्सला बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे शेवटचं मुद्दाम लिहिते, कारण त्यावर तुमचा विश्वास बसला नसता. शनिवारी सकाळी तुमच्या लताचा फोन आला की तुम्ही चहा मागितलात आणि तो यायच्या आत गेलात. वांगी टोपल्यात तशीच टाकून मी बाभुळगावहून लोहाऱ्याला निघाले. परत आले तेव्हा सोले वाळून खड्यांसारखे झाले होते.

आज तेरवीलाही आठ दिवस झाले. तुमच्याबद्दल जे बोलायचं ते सगळ्यांनी बोलून घेतलं. कारखान्यातले लोक तुमच्या नोकरीबद्दल बोलले, गल्लीतले तुमच्या स्वभावाबद्दल बोलले. मी गप्प होते. सगळ्यांना वाटलं, वहिनीला धक्का बसला. धक्का होताच, पण खरं कारण वेगळं होतं. मला जे बोलायचं होतं ते फक्त तुमच्याशी बोलायचं होतं, आणि त्यात माझी लाज जाणार होती.

गुरुवारचा आपला शेवटचा फोन आठवा. मी म्हटलं, "भाऊजी, माझं मराठी चॅनल गेलं." तुम्ही अगदी साध्या आवाजात विचारलंत, "वहिनी, या वेळेस खरंच गेलं का?"

मी म्हटलं, "खरंच म्हणजे? नेहमी खरंच जाते."

"बरं. सोमवारी येतो," म्हणालात, आणि फोन ठेवलात.

मी फोन हातात धरून पलंगावर बसले ती कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत उठलेच नाही. 'या वेळेस' म्हणालात तुम्ही. म्हणजे मागच्या वेळांचं तुम्हाला माहीत होतं. किती माहीत होतं, कधीपासून माहीत होतं? मी ठरवलं की सोमवारी तुमचा चेहरा बघायचा. चेहऱ्यावर दिसलं तर सगळं कबूल करून टाकायचं, नाही दिसलं तर सोल्यांची भाजी वाढायची आणि विषय मिटवायचा. आता बघायला चेहरा नाही. तेव्हा कबूलच करते. सरळ सांगायला मला कधी जमलं नाही, मध्येच भलतीकडे जाईन. तुम्हाला त्याची सवय आहे.

आपलं सूत मुळात टीव्हीवरूनच जमलं. मी बोरीला लग्न होऊन आले तेव्हा वीस वर्षांची होते आणि मॅट्रिक पास होते. या दोन्ही गोष्टींचा मला असा तोरा होता, जणू त्या मीच शोधून काढल्या. तुम्ही दारव्ह्याला कॉलेजात जायचात. त्या उन्हाळ्यात मामाजींनी शटरवाला काळा-पांढरा टीव्ही आणला. टिनावर लोखंडी पाइप उभा केला, त्याच्या टोकावर अँटेना. वर चढून पाइप फिरवायचं काम तुमच्याकडे आलं, आणि चित्र आलं का ते खालून सांगायचं काम माझ्याकडे. अडचण अशी की मामाजी पुढच्या खोलीत बसलेले असताना नव्या सुनेनं 'आलं, आलं' असं ओरडायचं कसं? सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जायचा नाही, हा सासूबाईंचा पहिला कायदा. तेव्हा तोड तुम्हीच काढलीत. तुम्ही पाइप थोडा फिरवून धरून ठेवायचा. चित्र नसलं तर मी ताटावर दोनदा पळी वाजवायची, म्हणजे तुम्ही पुढे फिरवणार. चित्र आलं तर एकदाच वाजवायची, म्हणजे तुम्ही पाइप तारेनं आवळून खाली येणार. तोवर हलायचं नाही.

पहिल्याच रविवारी काय झालं ते तुम्ही जन्मात कोणाला सांगितलं नाहीत, म्हणून आज मी सांगते. दोनदा, दोनदा, दोनदा वाजवलं, सगळ्या मुंग्याच मुंग्या. आणि मग एकदम चित्र आलं. एक बाई दारात उभी राहून रडत होती. मी पळी उचलली आणि ती हातातच राहिली. ती बाई काहून रडून राह्यली, हे कळल्याशिवाय मला दुसरं काही सुचेना. ते कळलं तेव्हा तिचा नवरा आला, मग तो काय म्हणतो ते ऐकायचं होतं. वर तुम्ही वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या टिनावर, दोन्ही हातांनी पाइप धरून उभे. एकदा नाही वाजलं, दोनदाही नाही वाजलं, म्हणून तुम्ही हलला नाहीत. कार्यक्रम संपून शेतकऱ्यांसाठी खतांची माहिती लागली तेव्हा मला तुमची आठवण झाली.

खाली आलात तेव्हा तुम्हाला पाय टेकवत नव्हते. तुम्ही विचारलंत, "वहिनी, आलंच नाई का?"

मी म्हटलं, "पळीच सापडली नाही."

पळी माझ्या हातात होती. तुम्ही पळीकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि माठातलं पाणी प्यायला गेलात. सासूबाईंना काही बोलला नाहीत, मामाजींना नाही, यांनाही नाही. ती पोरगी आज मला भेटली तर तिच्या हातातली पळी घेऊन तिच्याच डोक्यात घालीन. पण तेव्हा तिला वाटलं, दीर भोळा आहे, आपण मॅट्रिक पास आहोत, निभावून नेलं.

पुढे यांची बदली बाभुळगावला झाली आणि आम्ही इथंच घर बांधलं. तुम्हाला लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कारखान्यात नोकरी लागली. दोन भावांची दोन घरं झाली, पण दिवाळी-पोळा एकत्रच. आमच्याकडे केबल आली, मग गच्चीवर महिन्याचे पैसे भरायची डिशची छत्री आली, आणि माझ्यातली ती मॅट्रिक पास पोरगी परत जागी झाली. तुम्ही फुकटवाली छत्री बसवली होतीत. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की पुढे कोणाला काही द्यायचं नाही, जेवढे चॅनल सरकार देईल तेवढे बघायचे. एका दिवाळीला मी सगळ्यांदेखत तुम्हाला विचारलं की भाऊजी, फुकटच्या चॅनलवर बातम्या शिळ्या लागतात का हो? तुम्ही चकली मोडत म्हणालात, "वहिनी, हवेतून येते ते. हवेचं भाडं कोणी भरते का?" त्यावर मी म्हटलं होतं की म्हणूनच तुमच्याकडे मराठीत दिसायला दोनचारच चॅनल आणि बाकी सगळी भजनं. हा वाद कैक दिवाळ्या चालला. दरवर्षी तुम्ही आमच्या घरी येऊन चॅनल मोजायचात आणि म्हणायचात, यातले तुम्ही पाहता किती? पाहायची मी एकच. पण ते कबूल कोण करणार.

मग हे गेले.

तेरवीनंतर पंधरा दिवसांनी तुम्ही एकदा आलात. स्कूटर दारात लावली, व्हरांड्यातल्या खुर्चीच्या कडेवर बसलात, हेल्मेट मांडीवर. "काही काम?" म्हणालात. मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, बरं. मी चहा टाकायला आत गेले तर मागे स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. नंतर दोन महिने तुम्ही आला नाहीत.

मला त्याचा राग नाही आला. आपल्याकडे एकट्या वहिनीच्या घरी दीर नुसता गप्पा मारायला येऊन बसत नाही. भाऊ असताना तो भावाकडे येतो, आणि भाऊ गेला की त्याला यायला काम लागतं. कोणी हे लिहून ठेवलेलं नाही, पण समोरच्या ओट्यावरच्या बायांना तोंडपाठ असतं. तुम्ही तर त्यातही लाजाळू. बायांच्या आधी तुम्ही स्वतःच स्वतःला विचारणार, कायले आलो मी?

मुलं पुण्याला. म्हणाली, आई, आम्ही इथून मोबाइलवर रिचार्ज मारतो, तू बघत जा. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी अक्कल वापरली आणि तुम्हाला फोन केला की भाऊजी, मी हरले, तुमची फुकटवाली बसवून द्या.

काय खुशीत आलात तुम्ही. स्कूटरवर मागे लताला बसवायची जागा छत्रीला दिली होती, दोरीनं बांधून. आल्या आल्या शर्टाच्या बाह्या वर केल्यात आणि दुपारपर्यंत गच्चीवर होतात. आग्नेयेकडे तोंड करायचं, मग थोडं वर, मग केसभर डावीकडे. बॉक्सवर दोन पट्ट्या दिसतात, एक जोराची आणि एक चांगलेपणाची, आणि दुसरी भरली तरच चित्र येतं, हे तुम्ही मला तीनदा समजावलंत. मला पहिल्यांदाच समजलं होतं. तिन्हीदा विचारलं, कारण समजावताना तुम्ही खुर्चीत नीट टेकून बसत होतात. जेवलात. यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्यात, ज्या यांनी मला कधी सांगितल्या नव्हत्या. संध्याकाळी चहा घेऊन गेलात आणि तुमचा पाना गच्चीवर विसरलात.

आणि पुन्हा येईनात, कारण छत्री चांगली चालत होती. तुम्ही कामच इतकं पक्कं केलं होतं.

चैत्रात एका वादळानं छत्री फिरली. मी फोन केला, तुम्ही दुसऱ्या दिवशी दहाला हजर. परत जेवण, परत गोष्टी. त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी भांडी घासत होते आणि माझ्या लक्षात आलं की वादळाची वाट बघत बसलो तर वर्षातून एकदाच भेट होईल.

तर भाऊजी, ज्येष्ठातला पहिला बिघाड माझ्या हातचा. जिना चढून गेले, तुमच्याच पान्यानं नट ढिला केला आणि छत्री थोडी लोटली. थोडी म्हणजे मला वाटली थोडी. खाली येऊन बघते तर पडदा काळा ठिक्कर. तुम्ही आलात आणि वर गेलात. मी जिन्यात उभी राहून विचारलं, काय झालं, वारा का? तुम्ही शेजारच्या निंबाकडे पाहिलंत. चार दिवस त्याचं पान हललं नव्हतं. म्हणालात, "हो. वारा नुसता आपल्याच घरावर आला वाटते." मी चहा ठेवायला पळाले.

त्यानंतर हुशार झाले. छत्रीवर ओली गोधडी वाळत टाकली आणि तुम्ही आल्यावर गाल फुगवून म्हटलं, अगबाई, त्यानं पण जाते का? वायरची पिन अर्धी उपसून ठेवली. एकदा छत्रीच्या दांड्यावरच्या डोळ्याला पिशवी बांधली, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून, असं सांगितलं. तुम्ही ती पिशवी सोडून घडी करून माझ्या हातात दिलीत. फार भक्तिभावानं दिलीत, आता आठवलं की हसू येतं. आणि हे सगळं मी बेतानं करायची. महिन्यातून एकदा, फार तर तीन आठवड्यांनी. लागोपाठ केलं तर तुम्हाला संशय येईल, असं त्या मॅट्रिक पास बाईला वाटत होतं.

मग मागच्या पावसाळ्यात तुम्ही जिना चढताना मध्येच थांबलात. भिंतीला हात लावून उभे राहिलात, खोकल्याचं निमित्त केलंत. मी खालून बघत होते. त्या दिवसापासून मी गच्चीला हात लावला नाही. नट घट्ट, वायर घट्ट, गोधडी अंगणात. त्याऐवजी बॉक्सच्या आतले उद्योग शिकले. रिमोटवर कुठं जायचं, चार वेळा शून्य दाबलं की कुलूप उघडतं, एकेक चॅनल कसं खोडायचं. सगळं तुम्हीच दाखवलेलं, फक्त उलटं. तीन खेपा अशा झाल्यावर तुम्ही रिमोट हातात घेऊन, माझ्याकडे न बघता म्हणालात, "आजकाल छत्री काही बिघडत नाई वहिनी. बॉक्सच बिघडून राह्यला."

मी म्हटलं, "जुना झाला असेल."

"हो. पण मन लावून बिघडते," म्हणालात.

आता सांगा, यावर मी हसायला नको होतं का? तेव्हाच हसून टाकलं असतं तर सगळं तिथंच मोकळं झालं असतं. मी काय केलं? पोहे घेता का विचारलं.

बॉक्स चॅनल शोधायला लागला की पडद्यावर एक पट्टी हळूहळू पुढे सरकते. डाव्या टोकापासून उजव्या टोकाला जायला तिला चांगली पाच-सात मिनिटं लागतात. भाऊजी, आपलं खरं बोलणं सगळं त्या पट्टीसमोर झालं. तुम्ही पट्टीकडे बघत बोलायचात, मी पट्टीकडे बघत ऐकायची. एकमेकांच्या तोंडाकडे बघून आपल्याला त्यातलं एक वाक्य जमलं नसतं. पट्टी संपली की तुम्ही म्हणायचात, एखादं राह्यलं असन, पुन्हा पाहू, आणि परत सुरू करायचात. एकदा अशीच पट्टी अर्ध्यावर होती आणि तुम्ही म्हणालात, "दादा गेल्यापासून मले बबन्या म्हणणारं कोणी नाई राह्यलं." पट्टी हळूहळू टोकाला पोचली. मला म्हणावंसं वाटलं की मी म्हणते. पण वहिनी दिराला बबन्या कशी म्हणणार? आता म्हणून बघितलं, एकटीनं, स्वयंपाकघरात. तुमच्या दादांसारखं नाही जमत.

आणि आपली ती मालिका. तुम्ही तोंडानं म्हणायचात, बायांचं रडगाणं आहे, पण आलात की पहिला प्रश्न, त्या पोरीचं काय झालं? नवऱ्यानं घराबाहेर काढलेली, मग शाळेत नोकरी लागलेली, मग सासू स्वतः तिला घ्यायला गेलेली. मी म्हणत होते तिनं जावं, सासू चांगली आहे. तुम्ही असे तापायचात जणू ती तुमच्याच घरची आहे. "कायले जाते ते वापस? पगार हाय, खोली हाय. सासू चांगली हाय तर सासूनं यावं तिच्याकडं राहाले." मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही पुरुष असून असं बोलता? तर म्हणालात, पुरुष असून म्हणूनच बोलतो, मले माहीत हाय आम्ही कसे असतो. शेवटी ठरलं होतं की ती काय करते ते बघू, जो हरेल त्यानं चहा करायचा. आणि ती सासूसमोर तोंड उघडणार तेवढ्यात, त्या गुरुवारी, चॅनलच गेलं. मी हात लावला नव्हता. शपथ घेते.

तेरवीच्या दिवशी मी आणि लता मागच्या मोरीवर भांडी घासत बसलो होतो. लता रडून रडून कोरडी झाली होती, आता नुसती बोलत होती. म्हणाली, "बाई, तुमचा फोन नाई आला का तीन आठवडे, की हे माझ्या फोनवरून सोताच्याच फोनवर रिंग देऊन पाहत. लागते का नाई म्हणून."

माझ्या हातातली कढई हातातच राहिली.

लता म्हणाली, ती तुम्हाला म्हणायची की मग जा ना असेच. तर तुम्ही म्हणायचात, बिनाकामाचा काय जाऊ? वहिनी काय म्हणन? आणि माझा फोन आला की शर्टाला इस्त्री करायला लावायचात. लताच्या मनात यायचं, छत्रीच्या कामाले जाणारा माणूस इस्त्रीचा शर्ट कायले घालते.

मी तिला विचारलं, "लता, भाऊजींचा पाना माझ्याकडेच राहिला आहे. ते कधी काही म्हणाले का?"

लता म्हणाली, "मी म्हटलं होतं ना त्यायले, घेऊन या म्हणून. तर म्हणे, असू दे तिथंच. वहिनीले लागते."

भाऊजी, मी तिथं मोरीवर हसले. तुमच्या तेरवीला. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबेना, आणि लताला वाटलं मी रडते आहे, म्हणून ती माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. मग खरंच रडले.

तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही पाना ठेवून दिलात. एवढं एक कळलं, आणि पुढचं जे कळलं ते अजून गिळता येत नाही. मी इथं एकेक दिवस मोजत होते, तुम्हाला संशय येऊ नये म्हणून. तुम्ही तिथं फोन तपासत होतात. मला एकटीला वाटत होतं की मी तुम्हाला फसवून बोलावते. चार वर्षांत आपल्या जितक्या भेटी झाल्या त्याच्या चौपट झाल्या असत्या, जर दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं असतं. मी तर बाई बोलकी म्हणून गावात प्रसिद्ध आहे. कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते मी दारात उभी राहून सांगते. आणि 'भाऊजी, या, करमत नाही' हे मला चार वर्षांत म्हणता आलं नाही. तुम्ही टिनावर पाय भाजत उभे होतात तेव्हा जी पोरगी खाली पळी धरून बसली होती, ती काही फार मोठी झालेली नाही.

घरी परत आल्यावर मी त्या चॅनलचा शोध घेतला. आधी तुमच्यासारखी बसले, रिमोट घेतला, पट्टी सुरू केली. एकदा, दोनदा. नाही सापडलं. मग बॉक्सच्या खोक्यावर मदतीचा नंबर होता तो लावला. आधी यंत्र बोललं, मराठीसाठी अमुक दाबा, बिघाडासाठी तमुक दाबा. मी बिघाडाचं दाबलं, सवयीनं. शेवटी एक मुलगी आली. तिनं माझ्याकडून सगळ्या पट्ट्यांचे आकडे वाचून घेतले आणि म्हणाली की मावशी, तुमची छत्री एकदम बरोबर आहे, कोणी बसवली? मी म्हटलं, माझ्या दिरानं. ती म्हणाली, तुमचं चॅनल फुकटच्या यादीतून काढलं आहे, आता ते पैसे भरणाऱ्यांनाच दिसेल, त्याच्या जागी दुसरं आलं आहे ते बघा. मी तिला विचारलं, चांगला जाणकार माणूस आला तर सापडेल का? ती म्हणाली, कोणी आलं तरी नाही सापडणार.

म्हणजे सोमवारी तुम्ही आला असतात तरी काही झालं नसतं. तुम्ही पट्टी चार-पाचदा फिरवली असती, संध्याकाळ झाली असती, आणि मी तुम्हाला म्हटलं असतं, बघा, हेच तुमचं फुकट. पैसे भरून ते चॅनल पुन्हा घेता येईल, मुलांना सांगितलं तर आजच येईल. पण ती पोरगी सासूला काय म्हणाली ते मला एकटीला बघायचं नाही. चहा कोणी करायचा ते तसंच राहू दे.

परवा सकाळी मी लताला फोन लावला. लावायच्या आधी अर्धा तास काय बोलायचं ते ठरवत होते. ती एकटी आहे, मुलगी नागपूरला परत गेली, घर खायला उठत असेल, जावं असं फार वाटत होतं. पण जायचं कशासाठी? मृत्यूच्या दाखल्याचं विचारावं का? पापडाचं पीठ न्यावं का? आणि मला सुचलं काय, तर मी म्हटलं, "लता, तुझा टीव्ही नीट चालतो ना गं? सध्या चॅनल इकडचे तिकडे झाले आहेत, सगळ्यांचे जाऊन राह्यले. मला आता येतं ते सगळं. येऊन शोधून देऊ का?"

लता म्हणाली, "टीव्ही चांगला हाय बाई. काही नाई बिघडलं."

मी म्हटलं, "बरं. बरं मग." फोन ठेवणारच होते.

तर म्हणाली, "तुम्ही बिनाकामाच्या या ना."

भाऊजी, ती आपल्या तिघांत सगळ्यात कमी शिकलेली.

मी काल गेले. बाभुळगावहून यवतमाळ, तिथून लोहारा. हातात पिशवी नाही, डबा नाही, काही नाही. तुमच्या दारात उभी राहिले तर हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून पदर धरून ठेवला. लतानं दार उघडलं. काय काम म्हणून तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. टीव्ही बंद होता, बघायला पट्टी नव्हती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, मग दोघींनी खाली पाहिलं. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला. तिनं पाणी आणलं, मी प्यायले. मला वाटलं, उठावं आणि पाच मिनिटांत निघावं, गाडी आहे म्हणावं. नाही उठले. दिवेलागणीला निघाले तेव्हा लता फाटकापर्यंत आली आणि पुढच्या बुधवारी मी तिच्याकडे येईन की ती माझ्याकडे, यावरून आमचं फाटकात भांडण चाललं होतं.

सुरुवातीची दहा मिनिटं फार जड जातात हो, बबन्या. मग जमतं.